प्लास्टिकच्या पिशवीतला दावा

जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. आत माझ्या मावसभावाच्या मांडीचा एक्स-रे चालला होता. हाडांचे डॉक्टर यायच्या आधीच एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाजात घरच्यासारखी माया. ट्रकचा नंबर त्यांना ठाऊक होता, ट्रक कुठल्या ठाण्यात लावलाय तेही ठाऊक होतं. "केस टाकायचीय ना, मावशी? आधी एक रुपया नको. निकाल लागल्यावर तीस टक्के द्या." मावशीने कार्ड घेतलं आणि पदराच्या गाठीला बांधलं. त्या रात्री तिच्याशी नीट बोलणारा तो पहिलाच माणूस होता, हेही सांगायला हवं.

२०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातली. जायबंदी होऊन घरी बसलेले वेगळेच. या प्रत्येक घरात कधी ना कधी तेच प्रश्न येतात: पैसे कोण देणार, किती देणार, आणि कोर्टाची पायरी कुणाचा हात धरून चढायची? गेली दोन-अडीच वर्षं मावसभावाच्या निमित्ताने मी या विषयात बुडालो. कायदा लोकांना वाटतो त्याहून कितीतरी जास्त अपघातग्रस्ताच्या बाजूचा आहे. माती होते ती पहिल्या महिन्यात, कागद गोळा करायच्या वेळी आणि वकील निवडायच्या वेळी.

हे दावे जिथे चालतात त्या न्यायाधिकरणाला कोर्टाच्या आवारात सगळे 'एमएसीटी' म्हणतात. पूर्ण नाव मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. मुंबईत ते स्वतंत्र आहे, बाकी जिल्ह्यांत जिल्हा न्यायाधीशच त्याचं काम बघतात. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात मुळात असं काही नव्हतं. भरपाई हवी तर इतर कुठल्याही दिवाणी दाव्याच्या रांगेत उभं राहायचं. १९५६च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणं आली आणि १९८८च्या कायद्याने ती पक्की केली. दावा दाखल होतो तो बहुधा कलम १६६ खाली, आणि तो जखमी माणूस स्वतः किंवा मयताचे वारस करू शकतात. समोर वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी. दावा अपघाताच्या जागीच लावावा लागतो हा गैरसमज मात्र फार घट्ट बसलाय. नाशिकजवळ अपघात झाला आणि घर साताऱ्यात असेल तर दावा साताऱ्यात चालतो. विमा कंपनीचं कार्यालय ज्या गावी आहे तिथेही तो चालू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केलंय. महिन्याच्या तारखेला दोनशे किलोमीटर एसटीने जायचं की नाही, हे या एका माहितीवर ठरतं.

मुदतीची गोष्ट जरा विचित्र आहे. १९८८च्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. १९९४च्या दुरुस्तीने ती काढून टाकली, कारण नवरा गेलेली बाई सहा महिन्यांत वकील शोधत हिंडेल ही अपेक्षाच क्रूर होती. पुढची पंचवीसेक वर्षं मुदत नव्हती. मग २०१९ची दुरुस्ती आली आणि १ एप्रिल २०२२ पासून ते सहा महिने पुन्हा लागू झाले. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका, असं न्यायाधिकरणांना सांगितलं. पण अंतरिम तो अंतरिम. त्याच्या भरवशावर कुणी तेराव्यानंतर बघू, वर्षश्राद्धानंतर बघू करत बसू नये. सहा महिने हीच मुदत धरून चालावं.

आता कागद. नियमाप्रमाणे अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत तपास अधिकाऱ्याने पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा. २०२२च्या एप्रिलपासून हे नियम आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद खटल्यात ते सगळ्या राज्यांनी पाळावेत म्हणून बजावलं. पोलिसांचा अहवाल हाच दाव्याचा अर्ज मानण्याची सोयही कायद्यात आहे. म्हणजे कागदोपत्री घरच्यांनी काही केलं नाही तरी दावा सुरू व्हायला हवा. ठाण्यात प्रत्यक्ष काय चालतं ते ज्याने दोन-चार खेपा घातल्यात त्याला विचारा. अंमलदार बंदोबस्तावर असतात, साहेब रजेवर असतात आणि पंचनाम्याची नक्कल 'उद्या' मिळते.

म्हणून फाइल आपणच करायची. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि त्यातला कच्चा नकाशा, मृत्यू असेल तर इन्क्वेस्ट पंचनामा आणि पीएम रिपोर्ट, समोरच्या गाडीचं आरसी, पॉलिसी, चालकाचं लायसन्स, माल किंवा प्रवासी वाहन असेल तर परमिट आणि फिटनेस, आरटीओचा तपासणी अहवाल, पुढे दोषारोपपत्र. दवाखान्याकडून डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, एक्स-रे आणि प्रत्येक बिल. पंचनाम्यातलं एखादं वाक्य नीट वाचलं नाही तर ते दोन वर्षांनी उलटतपासणीत अंगावर येतं. ट्रक रस्त्याच्या कुठल्या बाजूला होता, घसरल्याच्या खुणा किती फुटांच्या होत्या, रस्त्याकडेला दिवा होता की नाही. मयत दुचाकीस्वारावरच गुन्हा नोंदवून फाइल बंद करण्याचे प्रकार घडतात. मेलेला माणूस हरकत घेत नाही. अशा वेळी प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार लवकर शोधून त्याचा जबाब नोंदवून घेणं, वरिष्ठांकडे लेखी तक्रार देणं, हे घरच्यांनाच करावं लागतं.

दिलासा एवढाच की न्यायाधिकरणात पुरावा फौजदारी खटल्याच्या मापाने मोजत नाहीत. संशयातीत सिद्ध करायची गरज नाही. कुणाची चूक असण्याची शक्यता जास्त दिसते, एवढंच बघतात. चालक फौजदारीत निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप पडत नाही. दुचाकीवर तिघं होते, एवढ्यावरून चूक त्यांचीच धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. ट्रिपल सीट बसण्याचा त्या धडकेशी काय संबंध, ते कंपनीला दाखवावं लागतं.

रकमेचा हिशोब लोकांना गूढ वाटतो, आणि दलाल नेमका त्याच गूढावर जगतो. 'पन्नास लाख काढून देतो' असं कुणी म्हणालं की त्याने मल्टिप्लायर, म्हणजे गुणक, कुठला धरला ते विचारावं. खरा हिशोब शाळकरी आहे. २००९च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिलेत: २५ वर्षांपर्यंत १८, मग उतरत उतरत ३१ ते ३५ वयासाठी १६, ४१ ते ४५ साठी १४, आणि ६५च्या वर ५. २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात घटनापीठाने पुढच्या उत्पन्नवाढीची टक्केवारी ठरवली. कायम नोकरी असून वय चाळिशीच्या आत असेल तर ५० टक्के, स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर ४० टक्के. वय वाढेल तशी ती कमी होते.

एक उदाहरण घेऊ. ३४ वर्षांचा वायरमन, महिन्याला १८,००० रुपये मिळवणारा, मागे बायको, दोन मुलं आणि आई. १८,००० मध्ये ४० टक्के मिळवले की २५,२००. तो स्वतःवर किती खर्च करत असेल म्हणून चार अवलंबितांच्या घरात एक चतुर्थांश वजा: उरले १८,९००. वर्षाचे २,२६,८००, गुणिले १६, म्हणजे ३६,२८,८००. यावर अंत्यसंस्काराचे आणि मालमत्तेच्या हानीचे प्रत्येकी १५,०००, आणि सहवासाच्या हानीचे ४०,०००. या रकमा २०१७च्या आहेत आणि दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढतात. सहवासाची रक्कम पत्नीला मिळते, मुलांना मिळते आणि आईवडिलांनाही मिळते, हे २०१८ पासून स्पष्ट झालंय. शिवाय दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज. मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त देण्याचीही न्यायाधिकरणाला मुभा आहे, कारण कायद्याचा शब्द 'न्याय्य' असा आहे, 'मागितलेली' असा नाही.

आता तोच वायरमन वाचला, पण पाय आखूड झाला असं धरा. इथे खासगी खर्च वजा होत नाही, म्हणून पूर्ण रक्कम ४८,३८,४०० धरायची आणि तिला कमाईची क्षमता किती टक्के गेली त्याने गुणायचं. दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व आहे. तेवढंच धरलं तर १९,३५,३६०. पण वायरमन शिडीवर चढतो, खांबावर चढतो. आखूड पायाने कारकून कारकुनी करू शकतो, वायरमन वायरमनकी कशी करणार? त्याची कमाई ७० टक्के गेली असं न्यायालयाला पटलं तर आकडा ३३,८६,८८० होतो. साडेचौदा लाखांचा फरक एका प्रश्नाच्या उत्तरावर. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालाने हा फरक शिकवला: पायाचं अपंगत्व वेगळं, सबंध शरीराचं वेगळं आणि पोटापाण्याचं वेगळं. तो पटवायचा तर दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवावं लागतं आणि त्याला कामाबद्दल नेमके प्रश्न विचारावे लागतात. दाखल्यावर कोर्टाचा निशाणी क्रमांक नुसता पडला म्हणजे तो सिद्ध झाला असं होत नाही. चांगला वकील आणि कामचलाऊ वकील यांच्यातलं अंतर भाषणात दिसत नाही, डॉक्टरच्या साक्षीत दिसतं.

उत्पन्नाचा पुरावा हे मराठी मुलखातलं खरं दुखणं. रोजंदारी, टपरी, दूधधंदा, रोखीचा व्यवहार. रिटर्न कुणी भरलेलं नसतं. पुरावा नसेल तर न्यायाधिकरणं किमान वेतनाच्या आसपास काल्पनिक उत्पन्न धरून मोकळी होतात. शेतकऱ्याचं तर आणखी अवघड. जमीन वारसांकडे राहतेच, मग बुडालं काय? बुडाली ती देखरेख, असा युक्तिवाद होतो आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो बऱ्याच अंशी उचलूनही धरलाय. त्यामुळे नुसता सातबारा जोडून भागत नाही. मयत स्वतः नांगर धरत होता की नाही, आता मजुरीवर किती जातात, ऊस कुणाच्या नावावर कारखान्याला जात होता, दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होत होतं, हे दाखवावं लागतं. कारखान्याची आणि डेअरीची स्लिप इथे सोन्याची.

घर सांभाळणाऱ्या बाईची किंमत शून्य नाही, हे तर न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने मान्य केलं: २००१, २०१०, आणि मग २०२१ चा कीर्ती निकाल. त्यात वेळेच्या वापराच्या सरकारी पाहणीचा आधार घेतलाय: घरकामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. तरीही दाव्याच्या अर्जात 'मयत काही करत नव्हती' असं लिहिलेलं मी डोळ्यांनी वाचलंय, आणि ते विमा कंपनीने लिहिलेलं नव्हतं. नवऱ्याच्या वकिलाने लिहिलं होतं. एक भीती मात्र अनाठायी आहे. मयताच्या एलआयसीचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून ते वजा होत नाहीत; आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्याच एका खटल्यात १९९८ साली हे ठरलंय.

विमा कंपनीची बचावाची ठरलेली हत्यारं आहेत. लायसन्स खोटं होतं किंवा नव्हतंच, हे पहिलं. यात अपघातग्रस्ताने घाबरू नये; सर्वोच्च न्यायालयाच्या स्वर्णसिंग निकालापासून बहुतेकदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात आणि मग तिने ते मालकाकडून वसूल करावेत. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी साधं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, हाही वाद घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवला. खरी अडचण वेगळीच आहे. लग्नाचं वऱ्हाड टेम्पोत बसवणं आपल्याकडे रीत आहे. मालवाहू गाडीतला फुकट प्रवासी विम्यात धरला जात नाही, हे २००२ पासून ठरलंय. ऊसतोडीच्या ट्रॉलीबद्दल कंपन्या असाच आक्षेप घेतात. अशा दाव्यात पैसे शेवटी मालकाच्या घरादारातून निघतात किंवा निघत नाहीत. जुनी गाडी विकून आरटीओत नाव न बदलणाऱ्यांसाठीही इशारा आहे: आरसीवर ज्याचं नाव तो मालक, असं २०१८ मध्ये न्यायालयाने म्हटलंय. तुमची विकलेली स्कूटर कुणीतरी कुणालातरी उडवते आणि समन्स तुमच्या दारात येतं.

आता त्या कार्डाकडे. मावशीच्या पदरातून ते सुटलं आणि आम्ही त्यावरचा नंबर तपासला. गृहस्थ वकील नव्हतेच. ते ज्या वकिलाचं नाव सांगत होते त्याच्याशी त्यांचा हिस्सा ठरलेला होता. अधिवक्त्याने दलाल नेमणं, जाहिरात करणं, अशील गाठायला माणसं पाठवणं हे बार कौन्सिलच्या नियमांत गैरवर्तन आहे. १९७५-७६ मध्ये महाराष्ट्राच्याच बार कौन्सिलचा दाभोळकर खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. मुंबईत एस्प्लनेड न्यायालयाच्या दारात काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालत, कागद हिसकावत, एकमेकांशी झटापटी करत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर जळजळीत लिहिलं. आज ती झटापट कोर्टाच्या दारातून अपघात विभागाच्या दारात आलीय, एवढाच बदल.

'निकालावर टक्के' हा प्रकारही नियमात बसत नाही. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये, मिळालेल्या रकमेत वाटा मागू नये, असा बार कौन्सिलचा स्पष्ट नियम आहे. तेलंगणातल्या एका विधवेचं प्रकरण सांगण्यासारखं आहे. अपघाताच्या दाव्यात वकिलाने दहा लाख घेतले आणि वर आणखी दहा लाखांच्या चेकवर सही घेतली. चेक वटला नाही, तर त्यानेच तिच्यावर फिर्याद केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती फिर्याद रद्द केली आणि टक्केवारीची फी लोकहिताविरुद्ध ठरवली. तरीही कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात चहाच्या टपरीवर विचारा, भाव टक्क्यांतच सांगतात. माझं मत असं की ही बंदी रास्त असली तरी अर्धवट आहे. ज्याच्याकडे आज दवाखान्याचे पैसे नाहीत तो आगाऊ फी कुठून देणार? त्याला दुसरी वाट दाखवल्याशिवाय टक्केवारी बंद होणार नाही. ती फक्त तोंडी राहील, कागदावर येणार नाही, आणि तोंडी गोष्टीत नेहमी अशिक्षित बाजू हरते.

दुसरी वाट आहे, फक्त तिचा बोर्ड कुणी लावत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना ठरावीक उत्पन्नाच्या आत. म्हणजे नवरा गेलेल्या कुठल्याही बाईला फुकट वकील मागायचा हक्क आहे, मग तिच्याकडे चार एकर असोत की नसोत. हेल्पलाइन १५१००. मोफत म्हणजे कामचोर, ही समजूत सरसकट खरी नाही. पण पाठपुरावा करावा लागतो, तो पैसे देऊन लावलेल्या वकिलाचाही करावाच लागतो.

पैसे देऊन वकील करायचा असेल तर काय बघावं? बोर्डावरच्या पदव्या नकोत. ई-कोर्ट्सच्या सेवेत वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. तो माणूस अपघाताचे दावे खरंच चालवतो की जामिनाची कामं करता करता हेही घेतो, ते कळतं. फी टप्प्याटप्प्याने ठरवावी: दावा दाखल करताना इतके, पुराव्याच्या वेळी इतके, युक्तिवादाला इतके. पावती मागावी. वकीलपत्रावर सही करताना कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नये. एवढं सांगूनही लोक करतात, म्हणून परत लिहितो. दावा दाखल झाला की सीएनआर नंबर मागून घ्यावा. सोळा अक्षरांचा तो नंबर मोबाईलमध्ये टाकला की पुढची तारीख, आज काय झालं, सगळं दिसतं. वकील पटला नाही तर बदलता येतो. फी थकली म्हणून तो फाइल अडवू शकत नाही. असा कुठलाही हक्क वकिलाला नाही, हे २००० सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय.

आम्हाला भेटलेल्या वकीलबाई तालुक्याच्या कोर्टात बसतात. मावशीने विचारलं, किती मिळतील? त्या म्हणाल्या, "ते नंतर. पिशवी आणलीय ना, ती ओता." मावशीने शेवयांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी टेबलावर ओतली. त्यांनी पहिल्यांदा औषधांची बिलं बाजूला काढली. मेडिकल स्टोअरची बिलं थर्मल कागदावर असतात. पाच-सहा महिन्यांत ती कोरी होतात. काही आधीच फिकट झाली होती. "आजच झेरॉक्स काढा, आणि दुकानदाराकडून सही-शिक्क्यासह पुन्हा बिल आणा." मग त्यांनी मावसभावाच्या कामाची वही मागितली. कुणाच्या घरी वायरिंग केलं, किती घेतले, ते तो शाळेच्या वहीत लिहायचा. त्यातल्या नोंदी मोबाईलवर आलेल्या पैशांशी जुळवून त्यांनी तीन वर्षांचा तक्ता करायला सांगितला. आकडा त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितला, तोही गुणक कागदावर लिहून.

विमा कंपनीकडून तडजोडीचा प्रस्ताव येतो तेव्हा हाच कागद समोर ठेवावा. २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे कंपनीने अधिकारी नेमून मुदतीत प्रस्ताव द्यायचा असतो. त्यात एक खाच आहे. कलम १६४ खाली चूक कुणाची हे न बघता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, आणि लवकर मिळतात. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. वयस्कर, फारसं उत्पन्न नसलेल्या माणसासाठी ५ लाख ठीक असतील. वर काढलेल्या वायरमनच्या घराने ते घेतले तर एकतीस लाखांवर पाणी सोडलं. लोक अदालतीतही तसंच: झालेला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध मात्र उच्च न्यायालयात ९० दिवसांत जाता येतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

रस्त्यावरच्या सगळ्याच अपघातांना वकील लागतो असं नाही. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात, आणि अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा असतो. पूर्वी हे २५,००० आणि १२,५०० होते. दवाखान्याच्या बिलाबाबतही मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार. खातेदार शेतकऱ्यासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, तिचा अर्ज कृषी खात्याकडे. लोकलमधून पडलेल्याचं मात्र सगळं वेगळं: रेल्वे दावा न्यायाधिकरण, एक वर्षाची मुदत, मृत्यूला ८ लाख. तिथे खिशातलं तिकीट किंवा पास हाच पहिला पुरावा, आणि रूळ ओलांडताना गेलेल्याला सहसा काहीच नाही.

मावसभावाचा दावा अजून चालू आहे. डॉक्टरची साक्ष झाली, कंपनीचा पुरावा बाकी आहे. पण अपघातानंतरचं सगळं सांगून झाल्यावर अपघाताआधीची एक गोष्ट राहते, ती सांगून थांबतो. आज घरी गेल्यावर आपल्या गाडीची पॉलिसी काढून बघा. त्यावर फक्त थर्ड पार्टी लिहिलं असेल तर तुमच्या मागे बसलेल्या बायकोला त्या पॉलिसीतून बहुधा काही मिळणार नाही; त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. आणि गाडी चालवणाऱ्या मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्यात आहे का तेही बघा. आपल्याच चुकीने अपघात झाला तर घरच्यांना मिळणारी ती बहुधा एकमेव रक्कम असते, आणि ऑनलाइन पॉलिसी घेताना तीन-चारशे रुपये वाचवायला लोक नेमकी तीच खूण काढून टाकतात.